जुळ्यांची वार : एक कीं दोन ?

नाशिक हें नांव ज्या कथेवरून पडलें असें सांगतात, त्या कथेंत शूर्पणखेचें नाक कापणारा लक्ष्मण हा स्वतः जुळ्यांपैकीं एक होता, ही गोष्ट पंचवटींत नित्य दर्शनाला जाणाऱ्या मंडळींच्याही सहसा ध्यानांत येत नाहीं. त्याचा जोडीचा भाऊ शत्रुघ्न भरताच्या सावलीसारखा अयोध्येकडे राहिला आणि लक्ष्मण रामामागून गोदातटीं आला. एका मातेच्या उदरांत एकाच वेळीं वाढलेले हे दोघे दोन निरनिराळ्या भावांना असे कां बिलगले, याचें उत्तर कवींनीं त्यांच्या जन्माआधींच देऊन ठेविलें आहे. वाल्मीकींच्या रामायणांत यज्ञांतून मिळालेल्या पायसाची वांटणी होते, तेव्हां सुमित्रेच्या हातीं तें दोनदां पडतें. कालिदासानें रघुवंशांत ही वांटणी अधिक सोपी केली : कौसल्या आणि कैकेयी या दोघींनीं आपापल्या वांट्यांतला अर्धा भाग सुमित्रेला दिला. दोन हातांनीं आलेले दोन घास, म्हणून दोन पुत्र. आणि ज्याचा घास जिकडून आला तो तिकडे ओढला गेला, असें कीर्तनकार त्यावर खुलवून सांगतात.

जुळें म्हटलें कीं वांटा एक कीं दोन, हा पुराणांतला प्रश्न वैद्यकाच्या इतिहासांतही पुनःपुन्हां डोकें वर काढीत आला आहे. आज सोनोग्राफीच्या पडद्यावर दोन गर्भ दिसले म्हणजे जाणता डॉक्टर त्यांच्या वजनाचा किंवा तोंडवळ्याचा विचार करण्याआधीं एकच गोष्ट शोधतो. या दोघांची वार सामाईक आहे कीं स्वतंत्र ? स्वतंत्र असेल तर तीं शेजारीशेजारी राहणारीं दोन बिऱ्हाडें झालीं. ज्याचें तो खातो, ज्याचें तो पितो. सामाईक असेल तर एका गर्भाचें रक्त दुसऱ्याच्या अंगांत उतरण्याचा संभव असतो, आणि अशा शंभर गरोदरपणांपैकीं सुमारें दहा ते पंधरांत तो प्रकार घातक थराला जातो. आणि उत्तर ‘नक्की सांगतां येत नाहीं’ असें आलें, तर त्या घरांतील पुढचे चारपांच महिने कसे जातात, तें त्या घरांतील माणसांनींच सांगावें.

हें ‘सांगतां येत नाहीं’ पूर्वीं सर्वांच्याच वांट्याला येत असे. तें कसकसें मागें हटत गेलें, आणि अजूनही कोठें दबा धरून बसलें आहे, हें पाहण्यासारखें आहे.

चरक आणि सुश्रुत या दोघांनींही जुळ्यांचा विचार शारीरस्थानांत केला आहे. बीज वायूनें दुभंगलें म्हणजे दोन जीव कुक्षींत येतात, असें सुश्रुत म्हणतो. चरकाचें लक्ष त्याहून बारीक गोष्टीकडे गेलें. जुळ्यांपैकीं एक पुष्ट व दुसरें रोड असें पुष्कळदां दिसतें, तें कां? शुक्रशोणिताची वांटणी विषम झाल्यामुळें, असें त्याचें उत्तर आहे, आणि त्याला पूर्वकर्माचीही जोड त्यानें दिली आहे. निरीक्षण अगदीं अचूक. कारण मात्र एका पायरीनें हुकलें. सामाईक वारेच्या जुळ्यांत पुष्कळदां बीजाची नव्हे, वारेची वांटणी विषम होते. एकाला वारेचा मोठा भाग मिळतो, दुसऱ्याला कोपरा. १९९८ सालीं नाशिक येथें महाराष्ट्र आरोग्यविज्ञान विद्यापीठ स्थापन झालें, तेव्हांपासून आयुर्वेद आणि आधुनिक वैद्यक या दोन्हीं शाखांचीं महाविद्यालयें एकाच विद्यापीठाच्या छत्राखालीं आलीं. चरकाचा प्रश्न आणि त्याचें हजारों वर्षांनंतरचें उत्तर हीं दोन्हीं आतां नाशिकच्याच परीक्षापत्रिकांत येऊं शकतात !

प्राचीन ग्रंथांत वारेला ‘अपरा’ म्हटलें आहे. तिच्याविषयीं त्यांची मुख्य चिंता ती वेळेवर बाहेर पडण्याची. ती अडली तर बोटाला केस गुंडाळून बाळंतिणीचा घसा खरवडावा, असा उपाय सुश्रुतानें सांगितला आहे. उबळ यावी आणि त्या हिसक्यानें वार सुटावी, हा हेतु. वेणीचें टोक तोंडांत घालून उबळ आणण्याचा खेड्यांतील सुईणींचा उपाय याच घराण्यांतला. सुईण वार हातांत घेऊन पाही ती पुरी पडली कीं तिचा तुकडा आंत राहिला, एवढ्यासाठीं. तुकडा राहिला तर बाळंतीण रक्त जाऊन दगावते, हें तिला अनुभवानें ठाऊक असे. जुळ्यांच्या वेळीं तिच्या हातांत जें येई तें खरें पाहतां या सगळ्या कोड्याचें उत्तरच होतें. परंतु तें वाचण्याची विद्या तिच्यापाशीं नव्हती, आणि त्या काळच्या राजवैद्यापाशींही नव्हती. परसांत खड्डा खणून वार पुरीत, आणि ज्या एका वस्तूवर उत्तर लिहिलेलें होतें ती मातीखालीं जाई.

युरोपांतही फार वेगळें घडत नव्हतें. १६१७ सालचें एक डच चित्र प्रसिद्ध आहे. कापडांत घट्ट गुंडाळलेलीं दोन तान्हीं मुलें शेजारीशेजारी रंगविलीं आहेत. आम्स्टरडॅमच्या एका नगरप्रमुखाच्या घरचीं तीं जुळीं. एकाचा चेहरा लालसर, दुसऱ्याचा फिकट. चित्रकारानें जें दिसलें तें काढलें. एकाचें रक्त दुसऱ्याला मिळाल्याचा हा पुरावा असावा, असें इ. स. २००० मध्यें डच डॉक्टरांनीं प्रसिद्ध केलें, म्हणजे तें चित्र जवळजवळ चारशें वर्षें आपला अर्थ पोटांत ठेवून भिंतीवर टांगलेलें होतें.

आईचें रक्त व गर्भाचें रक्त वारेंत एकमेकांत मिसळत नाहीं, हें विल्यम हंटर यानें आपल्या १७७४ सालच्या भव्य ग्रंथांत दाखविलें. वार म्हणजे नुसती मांसाची चकती नव्हे. पूर्ण दिवसांच्या वेळीं सुमारें वीस-बावीस सेंटिमीटर रुंद आणि अर्धा किलो वजनाची ती एक पेढीच आहे. आई तिच्यांत एका खिडकीनें ठेव ठेवते, मूल दुसऱ्या खिडकीनें ती उचलतें. दोघांचे हात एकमेकांना लागत नाहींत. पण एकाच पेढीवर दोन मुलांचीं खातीं असतील तर ? हा प्रश्न घेऊन बसला तो जर्मनींतील रोस्टॉक येथील प्रसूतितज्ज्ञ फ्रीड्रिख शाट्झ. १८७५ पासून पुढें कित्येक वर्षें त्यानें जुळ्यांच्या वारेंतील रक्तवाहिन्यांचा माग काढला. सामाईक वारेंत पहिल्या मुलाची रोहिणी जेथें रक्त नेऊन पोंचविते, तेथूनच कांहीं ठिकाणीं दुसऱ्या मुलाची नीला तें उचलते, असें त्याला दिसलें. दोन मुलांचीं दोन रक्ताभिसरणें, आणि त्या दोहोंच्या मधलें हें ‘तिसरें रक्ताभिसरण’. हें नांव शाट्झनेंच दिलेलें आहे.

नाशिक जिल्ह्यांतील शेतकऱ्याला हें तिसरें रक्ताभिसरण समजावण्यास फार कष्ट पडूं नयेत. बागलाणांत मोसम आणि आरम या नद्यांवर फडबागाइताची जुनी पद्धति आहे. बंधाऱ्याचें पाणी पाटानें येतें, फडाफडांतून पाळीनें फिरतें, आणि कोणाच्या शेतांत किती वेळ वाहूं द्यावें हें पाटकरी पाहतो. त्याची नेमणूक गांवानें केलेली असते आणि त्याचा शब्द सर्वांनीं मानावयाचा असतो. सामाईक वार म्हणजे पाटकरी नसलेला फड होय. बहुतेक वेळां इकडून तिकडे जातें तेवढेंच तिकडून इकडे येतें आणि दोन्हीं शेतें पिकतात. पण चार पाट एकाच दिशेनें उतरते झाले तर एक शेत कोरडें पडतें आणि दुसरें चिबडतें. गर्भांतही हेंच घडतें. रक्त देणाऱ्या मुलाची लघवी आटते, त्याची पाणपिशवी सुकून अंगाला चिकटते. घेणाऱ्याच्या पिशवींत पाणी तुंबतें आणि जादा रक्त ढकलतां ढकलतां त्याचें हृदय थकतें. लोकांना वाटतें कीं ज्याला अधिक मिळालें तें सुखी. येथें दोन्हीं संकटांत असतात.

एक मूल जन्मल्यावर त्याची नाळ आईच्या बाजूनेंही बांधून टाकावी, असा जो नियम प्रसूतीच्या ग्रंथांत घातला गेला त्याचें मूळ याच भीतींत आहे. वार सामाईक असेल, तर मोकळ्या टोकांतून आंतल्या मुलाचें रक्त वाहून जाईल. उत्तर ठाऊक नसतांना, तें वाईट आहे असें धरून चालण्याचा हा शहाणपणा पुढें पुष्कळ उपयोगी पडला.

शाट्झचें काम चाललें होतें त्याच काळांत, १८८६ सालीं, आनंदीबाई जोशी या कल्याणला जन्मलेल्या मुलीनें फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयांतून एम. डी. ची पदवी मिळविली. पदवीसाठीं तिनें विषय घेतला तो आर्य हिंदूंतील प्रसूतिशास्त्राचा. चौदाव्या वर्षीं झालेलें तिचें स्वतःचें मूल दहा दिवसांचें होऊन गेलें होतें. हा विषय तिनें केवळ ग्रंथप्रेमानें निवडला नव्हता, असें म्हणण्यास हरकत नाहीं. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळांतील स्त्रियांचा विभाग तिच्याकडे यावयाचा होता. तिकडे रुजू होण्याआधींच २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास तिचें निधन झालें. जुन्या संहिता आणि नवें शवविच्छेदन या दोहोंची जाण असलेला डॉक्टर मराठी बाळंतिणीच्या उशाशीं बसण्याची ती पहिली संधि होती.

आतां एका मोठ्या घोटाळ्याकडे वळलें पाहिजे, कारण तो सुशिक्षित घरांतही अजून जिवंत आहे. फ्रान्सिस गॉल्टन यानें १८७५ सालीं जुळ्यांवर निबंध लिहिला आणि आनुवंश किती व संगोपन किती हें ताडण्यासाठीं जुळ्यांकडे पाहावें, असा मार्ग घालून दिला. एका बीजाचीं जुळीं एकाच आवरणांत असतात, हें त्या वेळीं माहीत होतें. त्यावरून पुढें उलटा सिद्धान्त रूढ झाला : आवरणें दोन, म्हणून बीजें दोन. अनुमान सरळ दिसतें, परंतु खोटें आहे. बीज फळल्यानंतर साधारण पहिल्या तीन दिवसांत दुभंगलें, तर एकबीज जुळ्यांनाही स्वतंत्र वार व स्वतंत्र आवरणें मिळतात. चौथ्या ते आठव्या दिवसांच्या सुमारास दुभंगलें तर वार सामाईक, पण पाणपिशव्या दोन. त्याहून उशिरां दुभंगलें तर वारही एक आणि पिशवीही एक. आणि तेराव्या दिवसानंतर दुभंगणें अपुरें राहून शरीरें जोडलेलीं राहतात. एकबीज जुळ्यांपैकीं सुमारें एकतृतीयांशांची वार स्वतंत्र असते. हेर्मान सीमेन्स या जर्मन त्वचारोगतज्ज्ञानें १९२४ सालीं, शरीराचीं अनेक लक्षणें ताडून जुळ्यांचा निवाडा करण्याची पद्धति मांडली, तेव्हांपासून केवळ आवरणांवर विसंबण्याची संवय शास्त्रांतून सुटत गेली. घरांतून मात्र सुटली नाहीं. ‘वार दोन होती, म्हणून हीं दोघें एकबीज नव्हेत’ असें मोठ्या खात्रीनें सांगणारे आईबाप शाळेंत दोघांच्या हजेरीची अदलाबदल झाल्याची हकीकतही त्याच बैठकींत सांगतात !

म्हणजे प्रश्न खरोखर दोन होते. बीज एक कीं दोन, हा कुतूहलाचा. वार एक कीं दोन, हा जिवाचा. पन्नास-साठ वर्षें विद्वानांनीं दुसऱ्याचा उपयोग पहिल्याचें उत्तर काढण्यासाठीं केला आणि त्यांत दुसऱ्याचें महत्त्व झांकलें गेलें.

बरें, डोळ्यांसमोर वार असली तरी उत्तर सोपें असतें असें नाहीं. दोघांची वार स्वतंत्र असूनही गर्भाशयांत जागा जवळजवळ पडली तर कडेला कडा भिडून सर्व मिळून एकच चकती दिसते. उलट, सामाईक वारही क्वचित् दोन फांकांत वाढते, आणि पाहणारा ‘दोन’ म्हणून मोकळा होतो. खरी खूण चकतींत नसून दोन पिशव्यांमधील पडद्यांत आहे. तो पडदा दोनच पापुद्र्यांचा, पातळ व पारदर्शक असेल तर वार सामाईक. चार पापुद्र्यांचा, जाड असेल तर स्वतंत्र. शंका राहिली तर एका नाळेच्या बाजूनें रक्तवाहिनींत दूध सोडून तें दुसऱ्या बाजूला निघतें कीं काय तें पाहतात. दूध हें मुद्दाम, कारण पांढरी रेघ तांबड्या वारेवर सहज दिसते. हें सगळें करण्यास फार तर अर्धा तास लागतो. तरीही इस्पितळांत वार बादलींत जाई, जशी पूर्वीं खड्ड्यांत जात होती. कुर्ट बेनिर्श्के या वारेच्या तज्ज्ञानें १९६१ सालीं प्रसूतितज्ज्ञांना लेखी विनवणी केली कीं जुळ्यांच्या वारेची नोंद नीट ठेवीत जा. हंटरचा ग्रंथ निघून तोंवर १८७ वर्षें झालीं होतीं.

हें सारें जन्मानंतरचें ज्ञान. त्यापूर्वीं पाहण्याची युक्ति निघाली ती स्कॉटलंडांतील ग्लासगो शहरांत. धातूंतील चिरा शोधण्यासाठीं कारखान्यांत वापरल्या जाणाऱ्या ध्वनिलहरींचा उपयोग पोटांतील गांठी पाहण्यास करतां येईल, असें इयन डोनाल्ड या प्रसूतितज्ज्ञाच्या मनांत आलें, आणि त्याचा व त्याच्या सहकाऱ्यांचा लेख १९५८ सालच्या ७ जूनच्या ‘लॅन्सेट’ पत्रांत आला. तेथून पुढें सोनोग्राफी वाढली. १९८१ सालीं बेसिस व पापियर्निक या फ्रेंच डॉक्टरांनीं पडद्याच्या मुळाशीं एक खूण दाखविली. वार स्वतंत्र असेल तर तिचा ऊतक दोन पडद्यांच्या मध्यें पाचरीसारखा घुसलेला दिसतो. आकृति ग्रीक लिपींतील लॅम्डा अक्षरासारखी होते. सामाईक असेल तर पाचर नसते. पातळ पडदा वारेला सरळ काटकोनांत येऊन मिळतो, इंग्रजी टी अक्षराप्रमाणें. पुराणकवींना पायसाचे घास मोजावे लागले, आतां पाचर आहे कीं नाहीं एवढें पाहिलें कीं झालें.

परंतु ही पाचर चिरकाल टिकत नाहीं. अकराव्या ते चौदाव्या आठवड्यांत ती स्वच्छ दिसते. पुढें गर्भ वाढतात, पडदा ताणून पातळ होतो, पाचर विरते. पांचव्या-सहाव्या महिन्यांत प्रथमच तपासणीला आलेल्या स्त्रीला जगांतील उत्तम यंत्रही पुष्कळदां खात्रीचें उत्तर देऊं शकत नाहीं. नाशिक शहरांत राहणाऱ्या घरांना हें वाचून फारसें कांहीं वाटणार नाहीं. पेठ किंवा सुरगाण्याहून घाट ओलांडून येणाऱ्या बाईला तिसऱ्या महिन्यांतली ती तपासणी चुकणें किती सोपें आहे, आणि चुकल्यावर ती कोठेंही विकत मिळत नाहीं, हें मात्र ध्यानांत घ्यावें. स्वतंत्र वारेच्या जुळ्यांची तपासणी साधारण चार आठवड्यांनीं पुरते. सामाईक वारेची सोळाव्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनीं करावी लागते. उत्तर संशयित राहिलें तर वार सामाईकच आहे असें धरून चालण्याची रीति आहे, म्हणजे त्या बाईला घाटाच्या खेपा दुप्पट. नाळ दोन्हीं बाजूंनीं बांधण्याचा जुना नियम येथें नव्या वेषांत आला आहे.

एक मुलगा व एक मुलगी असेल तर वार बहुधा स्वतंत्रच, ही खूण इतर देशांतील डॉक्टर बोलून दाखवितात. याला अपवाद घडल्याचें २००३ सालीं प्रसिद्ध झालें, पण तो फार विरळा. आपल्याकडे ही खूण डॉक्टरला दिसली तरी ओठांवर आणतां येत नाहीं. मुलींचे गर्भ शोधून पाडण्याच्या पापाला आळा घालण्यासाठीं महाराष्ट्रानें १९८८ सालीं देशांत प्रथम कायदा केला, आणि १९९४ सालीं संसदेनें साऱ्या देशासाठीं केला. गर्भाचें लिंग सांगणें त्यामुळें गुन्हा आहे, आणि तो गुन्हा असलाच पाहिजे. एका खुणेची किंमत देऊन समाजानें हें कुंपण घातलें. पाचर पाहण्याची वेळ साधणें त्यामुळें येथें अधिकच अगत्याचें झालें.

कृत्रिम गर्भधारणेनें जुळ्यांची संख्या वाढविली. मुंबईच्या के. ई. एम. इस्पितळांत डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांनीं १९८६ सालीं असें पहिलें मूल जन्मलें. गर्भाशयांत दोन भ्रूण ठेविले, म्हणजे वारेचा प्रश्न मिटला, असें जोडप्यांना वाटतें. तसें नाहीं. दोहोंपैकीं एक रुजत नाहीं आणि दुसरा दुभंगतो, असेंही घडतें. मग कागदावर दोन आणि पोटांत सामाईक.

उपायाची गोष्ट अगदीं अलीकडची. पाणी तुंबलेल्या पिशवींतून सुईनें तें काढून टाकीत राहणें एवढाच इलाज पूर्वीं होता. अमेरिकेंत ज्युलियन डी लिया यानें १९९० सालीं, सामाईक वारेंतील जोडणाऱ्या रक्तवाहिन्या लेझर किरणानें आंतल्या आंत जाळून बंद केल्याचें प्रसिद्ध केलें. फडांतले चुकीचे पाट बुजविण्यासारखेंच हें. दोन्हीं उपायांची युरोपांत रीतसर तुलना झाली ती २००४ सालीं प्रसिद्ध झाली. लेझर केलेल्या गरोदरपणांपैकीं शेंकडा ७६ मध्यें निदान एक मूल अठ्ठावीस दिवसांचें झालें. नुसतें पाणी काढलेल्यांत हें प्रमाण ५६ होतें. फरक एवढा स्पष्ट दिसला कीं प्रयोग मध्येंच थांबविण्यांत आला. भारतांतील मोठ्या शहरांतही ही शस्त्रक्रिया होते. ती बहुधा सव्विसाव्या आठवड्यापूर्वीं करावी लागते, आणि वार सामाईक आहे हें ठाऊक असल्याशिवाय तिचा विचारच सुचत नाहीं.

प्रसूतीनंतर जाणती परिचारिका पहिल्या मुलाच्या नाळेला एक चिमटा व दुसऱ्याच्या नाळेला दोन चिमटे लावून ठेवते, म्हणजे कोणती नाळ कोणाची हें मागाहून चुकत नाहीं. मग वार ताटांत घेऊन मधला पडदा उजेडासमोर धरतात, पापुद्रे सोडवून मोजतात, आणि सहा महिन्यांपूर्वीं सोनोग्राफीच्या कागदावर जें लिहिलें होतें त्याच्याशीं तें ताडून पाहतात.